स्टार्ट न होणाऱ्या गाड्यांच्या द्वारकाताई

द्वारकाताई घरत यांच्या पंचाहत्तरीच्या गौरव अंकात मी लिहावे, असा निरोप आला तेव्हा मी रोह्याच्या माझ्या दुकानात एका ट्रकखाली आडवा झालो होतो. निरोप ऐकताच इतक्या उत्साहाने उठलो की कपाळ चासीवर आपटले. टेंगूळ अजून उतरलेले नाही. ताईंविषयी लिहायला मिळणे ही माझ्यासाठी केवढ्या आनंदाची गोष्ट आहे, ते वाचकांनी यावरून समजून घ्यावे.

ज्यांची ताईंशी ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पेणला महामार्गालगत त्यांचे डिझेल गाड्यांच्या दुरुस्तीचे दुकान आहे. ट्रक सकाळी स्टार्ट होत नाही, चढावर ओढत नाही, मध्येच बंद पडतो, अशा तक्रारी घेऊन पेण, गडब, नागोठणे, रोहा या पट्ट्यातले चालक वर्षानुवर्षे त्यांच्याकडे येत आहेत. बाईमाणूस ट्रक दुरुस्त करते याचे नवल वाटून नुसते बघायला येणारेही सुरुवातीला पुष्कळ होते. पुढे ते नवल ओसरले आणि काम तेवढे उरले. ताईंना हे फार बरे वाटले, असे त्यांनीच मला एकदा सांगितले होते.

माझी त्यांची पहिली भेट ऐंशीच्या दशकातली. आखातात काही वर्षे मोठे ट्रक चालवून मी रोह्याला परतलो होतो आणि एक जुना ट्रक घेतला होता. गाडी चालायला उत्तम, पण सकाळी स्टार्ट व्हायचे नाव घेत नसे. सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची, मग मोहल्ल्यातली पोरेटोरे, म्हातारेकोतारे सगळे धक्का मारायला यायचे. दोन ठिकाणी दाखवून झाले होते. दोन्ही ठिकाणी डिझेल पंप उतरवला गेला, साफ झाला, पुन्हा चढला. सकाळचे रडगाणे तसेच. शेवटी कोणीतरी पेणच्या ताईंचे नाव सांगितले आणि मी भर दुपारी त्यांच्या दारात गाडी नेऊन उभी केली.

ताई तेव्हा पस्तिशीच्या आसपास असतील. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेला, हात कोपरापर्यंत काळे. मला वाटले, त्या बॉनेट उघडतील. त्यांनी गाडीकडे पाहिलेही नाही. मला बाकावर बसवले, पाणी दिले आणि विचारायला सुरुवात केली.

"रात्री गाडी कुठं उभी करतोस?"

"मशिदीमागच्या उतारावर. सकाळी ढकलायला सोपं पडतं."

"तोंड खाली करून?"

"व्हय, खालीच."

"आणि सपाटीला ठेवली तर?"

"मग तर विचारूच नका ताई. फीड पंप हातानं मारमारून खांदा निखळतो, तेव्हा कुठं होते."

"दिवसा जेवायला थांबलास, मग?"

"लगेच होते."

"थंडीतच छळते का बारा महिने?"

"बारा महिने."

ताईंनी मान हलवली. "मग थंडीचा काय संबंध नाय. गाडी जास्त वेळ उभी राहिली की डिझेल मागं टाकीत उतरतंय. आज मी काय उघडणार नाय. गाडी इथं सपाटीला ठेव आणि एस.टी.नं घरी जा. उद्या सकाळी थंड गाडी मला बघायचीय. तू आल्याशिवाय मी हात लावणार नाय."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एस.टी.ने हजर झालो. ताईंनी मला सेल्फ मारायला सांगितले आणि स्वतः मागे सायलेन्सरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. इंजिन फिरत होते, पण धुराची रेघसुद्धा नव्हती. "हे बघ," त्या म्हणाल्या, "डिझेल पोचून जळत नसतं, तर पांढरा धूर आला असता. धूरच नाय म्हणजे डिझेल पोचलंच नाय." मग त्यांनी फीड पंप खोलला. टाकीतले डिझेल ओढून पुढे ढकलणारा हा छोटा पंप. त्यातली बोटाच्या पेराएवढी झडप काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. झडप झिजली होती, नीट बसत नव्हती. रात्रभरात सगळे डिझेल तिच्यातून हळूहळू मागे जात होते.

"सगळ्यांनी मोठ्या पंपावर आळ घेतला," ताई म्हणाल्या. "त्या बिचाऱ्याला सकाळी कोण जेवायलाच देत नव्हतं."

नवी झडप बसली. त्या रात्री मी गाडी मुद्दाम सपाटीला उभी केली. सकाळी किल्ली फिरवली आणि पहिल्या सेल्फला इंजिनाने आवाज दिला! धक्का मारायला जमलेली मंडळी हात वर करून ओरडली. मी गाडी बंद केली, पुन्हा चालू केली. पुन्हा बंद, पुन्हा चालू. मग काही भाडे नसताना तसाच पेणला निघालो. केवळ ताईंना सांगायला.

"सुरू झाली!" मी दारातूनच ओरडलो.

"मग? सुरू होणारच होती," ताई म्हणाल्या. पण त्या हसत होत्या आणि त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

त्या दिवसापासून मला ट्रक चालवण्यापेक्षा ट्रक समजून घेण्यातच जास्त गोडी वाटू लागली. भाडे नसेल तेव्हा मी ताईंकडे जाऊन बसायचो. पुढे ट्रक विकला आणि त्यांच्याच दुकानात कामाला लागलो. माझ्या घरच्यांना वाटले, आखातातल्या उन्हाने याचे डोके फिरले असावे.

ताई या धंद्यात कशा आल्या, हे त्या स्वतः फारसे सांगत नाहीत. ही हकीकत मला त्यांचे यजमान महादेवराव यांनी सांगितली. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. दुकान मूळ अण्णांचे. इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगण्यात त्यांचा हातखंडा होता. पण ऐन उमेदीत त्यांना ऐकू येणे कमी होत गेले आणि काही वर्षांत जवळजवळ बंदच झाले. मेकॅनिकचे कान जाणे म्हणजे काय, ते आम्हा धंदेवाल्यांनाच कळेल. दुकान बंद करायचे, असे अण्णांनी मनाशी ठरवले होते. तेव्हा ताई म्हणाल्या, "तुमचे कान गेले, माझे हायत ना!" लांब स्क्रू ड्रायव्हरचे एक टोक इंजिनावर आणि दुसरे स्वतःच्या कानाशी धरून त्या ऐकायच्या आणि ऐकलेला ठोका अण्णांच्या तळहातावर बोटाने वाजवून दाखवायच्या. कुठला ठोका हलका, कुठला उशिरा, कुठे फट पडते, हे सारे बोटाने. अण्णा डोळे मिटून ते घेत आणि दोष सांगत. असे करता करता ताईंना दोष आधी कळू लागला आणि अण्णांच्या तळहातावर त्या आवाजाऐवजी उत्तरच वाजवू लागल्या! हे सांगताना अण्णा लहान मुलासारखे हसतात. आज ऐंशी ओलांडल्यावरही ते दुकानाच्या दारात बसतात आणि येणाऱ्या गाडीच्या धुराचा रंग आमच्याआधी टिपतात.

ताईंच्या कामाची पद्धत मी अनेकांना समजावून सांगितली आहे, पण ती खऱ्या अर्थाने मला कळली ती धरमतर खाडीच्या काठावरच्या एका गावात. तो दिवस आठवला की आजही माझ्या अंगावर शहारा येतो.

आश्विन महिना होता. खारजमिनीतले भात नुकते निसवले होते, लोंब्या बाहेर पडल्या होत्या. अमावास्येच्या उधाणात रात्री गावाच्या बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटून खाडीचे पाणी शेतात शिरू लागले. खारे पाणी एकदा भातात साचले की ते पीक तर जातेच, पण पुढची काही वर्षे त्या जमिनीत काही धड उगवत नाही. पहाटे ओहोटी लागली तेव्हा अख्खे गाव बांधावर उतरले. दुपारी पुन्हा भरती येणार होती. त्याआधी दगड आणि मुरूम टाकून खांड बुजवायची होती. गावात ट्रक एकच, काशिनाथ पाटलांचा. गणपतीच्या दिवसांत हमरापूरच्या मूर्ती मुंबईला नेणारा आणि एरवी विटा वाहणारा. आणि तो ट्रक नेमका त्या सकाळी स्टार्ट होईना.

आम्ही दुकान उघडत होतो तेवढ्यात काशिनाथ कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसून आले. "ताई, गाडी... बांध फुटलाय... दुसरी गाडी मिळत नाय..."

ताईंनी पुढचे ऐकलेच नाही. हत्यारांची पिशवी उचलली, एक पारदर्शक नळी, रबरी पाइपाचे तुकडे आणि दाब मोजायचे मीटर त्यात टाकले. "अन्वर, चल."

गावात पोहोचलो तेव्हा ट्रकभोवती ही गर्दी! कोणी म्हणे बॅटरी बदला, कोणी म्हणे पंप गेला, कोणी म्हणे हवेच्या तोंडात पेट्रोलचा बोळा धरा. ताईंनी हात वर करून सगळ्यांना मागे सारले. काशिनाथांनी सेल्फ मारला. मी सायलेन्सरपाशी. धूर नाही.

ताईंनी फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि फीड पंप हाताने मारू लागल्या. स्क्रूपाशी डिझेल आले, पण ताकावरच्या फेसासारखे. "एअर घेतेय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी टाकीकडून येणारा पाइप फीड पंपापाशी सोडवून मध्ये ती पारदर्शक नळी जोडली. आम्ही सगळे वाकून बघू लागलो. नळीतून डिझेल आले आणि त्याबरोबर बुडबुड्यांची माळ.

"हवा टाकीच्या बाजूनं येतेय. फीड पंप चांगला हाय."

"पण ताई, पाइप सगळा कोरडा हाय," काशिनाथ म्हणाले. "कुठं गळत नाय. मी काल पुसून बघितला."

"ह्या बाजूला पंप ओढतो. चीर पडली तर हवा आत जाते, डिझेल बाहेर येत नाय. म्हणून तर दिसत नाय." असे म्हणत ताई चासीखाली सरकल्या आणि रबरी पाइपावरून बोटे फिरवत गेल्या. चासीला बांधलेल्या पट्टीखाली पाइप घासून चिरला होता. तेवढा तुकडा कापून नवा टाकला, हवा काढली. काशिनाथांनी सेल्फ मारला आणि इंजिन धडधडून सुरू झाले.

काय तो जल्लोष! काशिनाथांना तर हुंदकाच आवरेना. ट्रक मुरूम भरायला डोंगराकडच्या खाणीवर गेला, भरून निघाला. आम्ही दोघे मागे मुरमावर बसलो होतो. सपाट रस्त्यावर सगळे ठीक होते. बांधाकडे जाणारा चढ लागला आणि ट्रकचा जोर ओसरू लागला. काशिनाथांनी गिअर उतरवला, तरी ओसरतच गेला. अर्ध्या चढावर इंजिन बंद.

बांधावर माणसे हातात घमेली घेऊन ताटकळत उभी होती. खाली खाडीत ओहोटीचे पाणी थांबले होते. आता ते वळणार, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होते.

ताई खाली उतरल्या. सगळ्यांसमोर, अगदी मोठ्याने त्या म्हणाल्या, "माझं चुकलं. एक दोष सापडला आणि मी तिथंच थांबले. दाब बघायला पाहिजे होता." एवढे म्हणून लगेच पिशवीतले मीटर काढून फिल्टरपाशी जोडले. गाडी थोडा वेळ थांबली होती, ती पुन्हा स्टार्ट झाली. धीम्या गतीवर काटा ठीक होता. "रेस कर," ताई ओरडल्या. काशिनाथांनी पाय दाबला आणि काटा घसरत घसरत खाली गेला. त्यामागोमाग इंजिनही बसले.

"रिकामी होती तेव्हा लागत होतं तेवढं डिझेल येत होतं. भरल्यावर जास्त लागतं, तेवढं येत नाय," ताई मला सांगत होत्या. माणसे ओरडत होती, पाणी वळत होते आणि त्या मला शिकवत होत्या! "आता बोल, अन्वर. पुढं काय बघशील?"

"टाकीचं झाकण," मी म्हणालो. झाकणाचे भोक बुजले की टाकीत हवा जात नाही आणि डिझेल येईनासे होते, हे त्यांनीच शिकवलेले. मी धावत जाऊन झाकण उघडले. हवा शोषल्याचा आवाज आला नाही. म्हणजे भोक बुजलेले नव्हते. पण त्याच्या आतली गोल चकती गायब होती आणि तिच्या जागी प्लॅस्टिकच्या पिशवीची फाटकी कड तेवढी राहिली होती.

"हे काय?" ताईंनी विचारले.

काशिनाथांचा चेहरा पडला. "चकती हरवली म्हणून पिशवी लावून झाकण आवळलं होतं, ताई."

"आणि राहिलेली पिशवी कुठंय?"

आम्हाला तिघांनाही एकदमच कळले. पिशवी टाकीत पडली होती आणि इंजिन जोराने डिझेल ओढू लागले की आतल्या नळीच्या तोंडावर जाऊन चिकटत होती. गाडी थांबली की सुटून खाली बसत होती. म्हणूनच थोड्या वेळाने गाडी पुन्हा स्टार्ट व्हायची.

दोष सापडला होता, पण टाकी उतरवून पिशवी काढायला वेळ कुठे होता? भरलेली गाडी चढावर, मागे खाण, पुढे खांड. काशिनाथ डोक्याला हात लावून खाली बसले. मीही हताश झालो होतो. ताई मात्र ट्रकच्या टपाकडे बघत होत्या.

"टाकी राहू दे टाकीच्या जागी," त्या म्हणाल्या. "आपण टाकी वर नेऊ. मोठा कॅन आणा, होडीवाल्यांकडून डिझेल आणा. आणि विड्या विझवा सगळ्यांनी!"

गाव धावत सुटले. मासेमारीच्या होड्यांमधून डिझेलचे डबे आले. ताईंनी लुगड्याचा पदर फाडून त्याच्या घड्यांतून डिझेल गाळले. भरलेला कॅन टपावर दोरीने करकचून बांधला. तिथून पारदर्शक नळी खाली आणून थेट फीड पंपाला जोडली. मग स्वतः टपावर चढल्या आणि कॅनला मिठी मारून बसल्या. मला दाराबाहेरच्या फळीवर उभे केले. "तू नळी बघ. बुडबुडा दिसला की ओरड."

काशिनाथांनी सेल्फ मारला. इंजिन सुरू झाले. पाय दाबला. मीटरचा काटा वर गेला आणि वरच राहिला! मी एवढ्या जोरात ओरडलो की काशिनाथांना वाटले बुडबुडा आला. त्यांनी घाबरून पाय काढला. "अरे, चांगलं हाय! चल, चल!" ताई वरून ओरडल्या आणि ट्रक तो चढ धडधडत चढून गेला.

बांधावर बायकांची रांग लागली होती. सगळ्यांत पुढे चांगुणाबाई, साठीच्या पुढच्या, कमरेइतक्या चिखलात. "आली गो, आली! गाडी आली!" त्यांचा आवाज पार खाडीच्या त्या काठापर्यंत गेला असेल. मुरूम उतरला, घमेली हातोहात निघाली, ट्रक मागे फिरला. पुन्हा खाण, पुन्हा बांध. या व्यवस्थेत एकच खोट होती. इंजिनाला नको असलेले डिझेल परतीच्या पाइपाने खालच्या टाकीत जात होते, त्यामुळे वरचा कॅन भराभर रिकामा व्हायचा. प्रत्येक खेपेला बांधावर कोणीतरी डबा वर द्यायचे आणि ताई पदरातून गाळून कॅनमध्ये ओतायच्या. ऊन तापले होते, धुरळा उडत होता. डिझेलने चिंब झालेल्या ताई वरून हाका मारत होत्या, "काशिनाथ, थांबू नको! अन्वर, नळी!" असा आनंद, अशी धडधड मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या प्रवासात अनुभवलेली नाही, आणि मी वाळवंट ओलांडून गाड्या नेल्या आहेत.

शेवटच्या खेपेला पाणी खांडीच्या तोंडाशी आले होते. पुरुषमंडळी खांद्याला खांदा लावून पाण्यात उभी राहिली आणि त्यांच्या मागे मुरमाची पोती पडत गेली. मग सगळे बांधावर येऊन उभे राहिले. पाणी चढत चढत नव्या मातीला लागले. एके ठिकाणी झिरपले. तिथे चांगुणाबाईंनी पेंढा आणि चिखल थापला. पाणी आणखी चढले, थांबले आणि बराच वेळ तिथेच राहिले. मग बांधालगतच्या चिखलाची एक ओली कड उघडी पडली. पाणी उतरू लागले होते. बांध टिकला होता.

त्या क्षणी जो गलका झाला, तो शब्दांत मांडणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. ताई टपावरून उतरल्या तेव्हा चांगुणाबाईंनी त्यांना मिठीत घेतले. "माझ्या अंगाला डिझेल हाय गो," ताई म्हणाल्या. "आणि माझ्या अंगाला काय अत्तर हाय का?" चांगुणाबाईंनी विचारले आणि दोघी हसत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी काशिनाथ दुकानात आले. टाकी उतरवली, पिशवीचा तुकडा बाहेर काढला. ताई त्यांना रागावल्या नाहीत. झाकणाला नवी चकती स्वतःच्या हाताने बसवून दिली. पण त्यानंतर आमच्या दुकानाचा एक नियम झाला. एक दोष सापडला तरी दाब पाहिल्याशिवाय गाडी बाहेर सोडायची नाही. आपली चूक गावासमोर कबूल करून दुसऱ्या दिवशी तिचा नियम करणारी माणसे मी फार थोडी पाहिली आहेत.

ताईंच्या मायेविषयी लिहिले नाही तर हा लेख अपुरा राहील. पुढे मी रोह्याला स्वतःचे दुकान काढायचे ठरवले. हे ताईंना कसे सांगावे, या विचाराने माझी झोप उडाली होती. सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढा उशीर का लावलास?" दुकान उघडले, पण सुरुवातीला कोणी फिरकेना. रिकामा बाक, रिकामा मी. एका सकाळी बघतो तर ताईंची जुनी जीप दारात, बॉनेट उघडे आणि ताई आत डोके घालून उभ्या.

"काय झालं गाडीला?" मी घाबरून विचारले.

"काय नाय झालं. तू पाना घेऊन बाजूला उभा राहा. दुकानासमोर गाडी उभी दिसली की दुसरी येते."

आम्ही दोघे त्या ठणठणीत जीपमध्ये दुपारपर्यंत डोके घालून उभे होतो. जेवायच्या वेळेला खरोखरच एक टेम्पो येऊन थांबला! ताईंनी डोळा मारला, बॉनेट लावले आणि पेणचा रस्ता धरला. जाताना माझ्या आईला भेटून, तिच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाऊन गेल्या. पुढे दर ईदला त्या आमच्याकडे येत राहिल्या. आई शेवटच्या आजारात होती, तेव्हा ताई दुकान अण्णांवर सोपवून रोह्याला आल्या आणि तिच्या उशाशी बसून राहिल्या. दोघींत काय बोलणे झाले, मला ठाऊक नाही. पण त्या दिवसांत आईच्या खोलीतून मला हसण्याचा आवाज ऐकू आला होता, आणि त्यासाठी मी ताईंचा जन्मभर ऋणी आहे.

कोणी असे समजू नये की ताई जुन्या गाड्यांच्याच जाणकार आहेत. संगणकावर चालणारे ट्रक आले तेव्हा आमच्यातले अनेकजण धास्तावले. मीही त्यांतलाच. तशी पहिली गाडी माझ्या दारात आली, तक्रार तीच, सकाळी स्टार्ट होत नाही. मी ताईंना फोन केला. साठी उलटलेल्या ताई एस.टी.ने आल्या. माझ्या मुलीने मशीन जोडले आणि पडद्यावर डिझेलचा दाब आकड्यांत दिसू लागला. ताई ते आकडे बघतच राहिल्या. "अगो बाई! हे तर सगळं समोर दिसतं! आम्ही आयुष्यभर बोटानं चाचपत बसलो!" मग त्यांनी माझ्या मुलीला शेजारी बसवून प्रत्येक आकड्याचा अर्थ विचारून घेतला, थकेपर्यंत. थकली ती माझी मुलगी, ताई नव्हे. आता त्यांच्या दुकानात तसेच मशीन आहे आणि गडबच्या दोन मुली ते सफाईने चालवतात. त्यांची लग्ने ठरत होती तेव्हा ताईंनी सासरच्या मंडळींना दुकानात बोलावून, चहा पाजून सांगितले, "पोरी काम सोडणार नायत. कबूल असेल तर पुढची बोलणी करा." दोन्ही घरांनी कबूल केले. ताईंसमोर नाही म्हणायची त्यांची छाती झाली नसावी!

ताईंचे दोष सांगायचे तर त्या रागीट आहेत. स्टार्ट होत नाही म्हणून इंजिनात वास मारून, म्हणजे पेट्रोलची वाफ देऊन, गाडी चालू करणाऱ्याला त्या दुकानात उभे करत नाहीत. औषधे वेळेवर घेत नाहीत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, तेव्हा त्या काळा चष्मा लावून ट्रकखाली सापडल्या. या गौरव समारंभालाही त्या तयार नव्हत्या. अखेर अण्णांनी त्यांचा हात हातात घेतला आणि तळहातावर बोटाने काहीतरी वाजवले. काय वाजवले, ते दोघांनीही आम्हाला सांगितलेले नाही. पण ताई लाजल्या आणि "बरं, येते" म्हणाल्या.

ताई, आपल्याला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, अशी दुआ मी रोज मागतो, आणि खाडीकाठची सारी गावे आपापल्या देवाकडे तेच मागत असतील. आपले हात, डोळे, गुडघे शाबूत राहोत. अण्णांची सोबत आपल्याला दीर्घकाळ मिळो. आणखी एक विनंती. आपल्या शंभरीच्या अंकातही पहिला लेख मलाच लिहायचा आहे. तोपर्यंत मलाही टिकून राहावे लागेल. म्हणून आजपासून औषधे वेळेवर घ्या. मीही घेतो.